प्रथिन संश्लेषण

प्रथिन संश्लेषण म्हणजे सजीवांच्या पेशीत जनुकांमधील माहितीनुसार अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली जाऊन प्रथिने तयार होण्याची प्रक्रिया होय. प्रतिलेखन आणि भाषांतरण हे तिचे दोन प्रमुख टप्पे आहेत. विदर्भात तसेच नंदुरबार जिल्ह्यात आढळणारा सिकलसेल आजार या माहितीतील एका अक्षराच्या बदलामुळे होतो. त्यामुळे ही प्रक्रिया समजून घेण्यास हिमोग्लोबिनचे उदाहरण सर्वांत सोयीचे ठरते.

प्रतिलेखन

डीएनएची लिपी अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन या चार आधारकांची असते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा व बीटा प्रकारच्या प्रत्येकी दोन साखळ्या असतात. बीटा साखळीचे जनुक 11व्या गुणसूत्रावर आहे. आरएनए पॉलिमरेज हे विकर या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल करते. आरएनएत थायमिनऐवजी युरॅसिल येते. या पहिल्या नकलेतील इंट्रॉन नावाचे भाग कापून टाकले जातात व उरलेले एक्झॉन सांधले जातात. बीटा ग्लोबिनमध्ये असे तीन एक्झॉन व दोन इंट्रॉन आहेत. तयार झालेला संदेशवाहक आरएनए (एम-आरएनए) केंद्रकाबाहेर पेशीद्रवात येतो.

भाषांतरण

मराठी पाठ्यपुस्तकांनी स्वीकारलेल्या या दोन संज्ञा विचारपूर्वक योजलेल्या दिसतात. प्रतिलेखनात आधारकांची लिपी आधारकांचीच राहते. भाषांतरणात मात्र चार आधारकांच्या लिपीतून वीस अमिनो आम्लांच्या लिपीत जावे लागते. तीन आधारकांचा गट म्हणजे एक कोडॉन. असे 64 कोडॉन असून त्यांपैकी 61 कोडॉन अमिनो आम्ले दर्शवितात, तर तीन कोडॉन साखळी थांबविण्याची खूण असतात. 1961 मध्ये मार्शल नीरेनबर्ग व हाइनरिख मथाई यांनी ‘यूयूयू’ हा कोडॉन फेनिलअ‍ॅलॅनिनचा असल्याचे दाखविले. सांकेतिक लिपीच्या उलगड्यासाठी नीरेनबर्ग, हरगोविंद खुराना व रॉबर्ट हॉली यांना 1968 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भाषांतरण रायबोसोमवर होते. टी-आरएनएच्या एका टोकाला अमिनो आम्ल व दुसरीकडे कोडॉनशी जुळणारा अँटीकोडॉन असतो. रायबोसोम एम-आरएनएवरून एकेक कोडॉन पुढे सरकतो व साखळी वाढत जाते. अमिनो आम्लांमधील बंध जोडण्याचे काम रायबोसोममधील प्रथिने नव्हे, तर त्यातील आरएनए करतो. रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांना 2009 चे नोबेल मिळाले. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके जिवाणूंच्या रायबोसोमचे काम बिघडवतात; माणसाचे रायबोसोम वेगळ्या घडणीचे असल्यामुळे ती औषधे म्हणून वापरता येतात.

रक्तातील तांबड्या पेशी परिपक्व होताना केंद्रक टाकून देतात. तरीही अपक्व तांबडी पेशी शिल्लक एम-आरएनएच्या आधारे काही काळ हिमोग्लोबिन बनवीत राहते.

एका अक्षराचा बदल

सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या संदेशातील ‘जीएजी’ या कोडॉनचा ‘जीयूजी’ होतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. पुस्तकांत ही जागा कोठे सहावी, तर कोठे सातवी दिलेली असते व विद्यार्थी गोंधळतात. प्रत्येक साखळीची सुरुवात ‘एयूजी’ या कोडॉनमुळे मिथिओनिनने होते, पण ते नंतर काढले जाते. ते मोजले तर सातवी, न मोजले तर सहावी. दोन्ही विधाने बरोबर आहेत.

बीटा साखळीतील 146 अमिनो आम्लांपैकी एवढे एकच बदलते. परंतु ग्लुटामिक आम्ल ऋणभारित व पाण्याशी जुळणारे, तर व्हॅलिन पाण्यापासून दूर राहणारे आहे. त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाला तीव्र वेदना होतात व रक्तक्षय जडतो. भार बदलल्यामुळे हे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या वेगाने सरकते. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी 1949 मध्ये हा फरक दाखविला. रुग्ण व वाहक ओळखण्याची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी याच तत्त्वावर चालते. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. विवाहापूर्वी तपासणीचा आग्रह धरला जातो तो यासाठीच. वाहक व्यक्ती मात्र सर्वसाधारणपणे निरोगी असते व तिला रुग्ण समजणे चूक आहे.

बीटा थॅलेसेमियात साखळी वेगळी नसून कमी बनते किंवा मुळीच बनत नाही. भारतात सर्वाधिक आढळणारा दोष पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या आधारकात असतो. जो भाग कापूनच टाकायचा, त्यातील हा बदल. पण त्यामुळे कापण्याची जागा चुकते.

उपचार व उपयोग

गर्भावस्थेत बीटाऐवजी गॅमा साखळी तयार होत असते आणि जन्मानंतर तिचे जनुक जवळजवळ बंद होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गॅमा साखळीचे उत्पादन वाढवून सिकलसेलच्या रुग्णांना आराम देते. भारत सरकारने 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले.

एम-आरएनए लसीत संदेश बाहेरून पुरविला जातो आणि प्रथिन शरीरातील पेशीच तयार करतात. पुण्याच्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने विकसित केलेल्या कोविडवरील अशा लसीला जून 2022 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. एम-आरएनए सहज विघटित होतो. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात असल्याने 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे साध्या शीतकपाटात, साठवता येते.