द्राक्षमळे, सातारा–सांगली परिसरातील

द्राक्षमळे, सातारा–सांगली परिसरातील : कृष्णा खोऱ्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्तार पावलेली कुटुंबचालित द्राक्षशेती. सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ, खानापूर व जत हे तालुके तिचे मुख्य क्षेत्र असून सातारा जिल्ह्यातील फलटण, खटाव व माण या भागांत ती तुलनेने विरळ आढळते. तासगाव, खानापूर, वाळवे व शिराळे हा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले. त्यामुळे या शेतीचा इतिहास दोन्ही जिल्ह्यांचा मिळून पाहणे सोयीचे ठरते.

युरोपात द्राक्षमळा म्हटला, की त्याला जोडून असलेले मद्याचे तळघर व या दोहोंवर पिढ्यान्‌पिढ्या मालकी असलेले घराणे, असे चित्र डोळ्यांसमोर येते. सांगलीचा मळाही कुटुंबाचाच आहे. तथापि मद्याशी त्याचा संबंध फार थोडा आला आणि जो आला तोही फारसा सुखाचा ठरला नाही. तळघराची जागा येथे बेदाण्याच्या शेडने घेतली. हे असे का झाले, याचे उत्तर हवामानात अंशतःच सापडते. बाकीचे मालकीच्या व बाजारपेठेच्या रचनेत शोधावे लागते.

पूर्वपीठिका : द्राक्ष व द्राक्षमद्य प्राचीन भारतास अपरिचित नव्हते. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत मृद्वीका म्हणजे द्राक्ष व तिच्यापासून केलेली मद्ये यांचे उल्लेख आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून कापिशायन व हारहूरक हे त्याचे प्रकार सांगितले आहेत. ही दोन्ही नावे वायव्येकडील प्रदेशांवरून पडलेली आहेत. म्हणजे उत्तम द्राक्षमद्य हे दूरदेशीचे, अशीच त्या काळी समजूत असावी. दख्खनमध्ये द्राक्षाची लागवड मुसलमानी अंमलात स्थिरावली. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता याने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे नमूद केले आहे. ही नोंद वरवर कौतुकाची वाटली, तरी दख्खनच्या द्राक्षशेतीचे मर्म तीत आहे, हे पुढे दिसून येईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रात भोकरी, फकडी, साहेबी अशी बियांची द्राक्षे नासिक व पुणे या भागांत होत. जी. एस. चीमा यांनी पुण्यास निवडलेला ‘चीमा साहेबी’ हा वाण त्याच परंपरेतील होय.

उतार व पाऊस : फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातील कोत-रोती, काँद्रिए व एर्मिताज येथील मळे तीव्र उतारांच्या टेकड्यांवर वसले आहेत. कोत-रोती याचा अर्थच ‘भाजलेला उतार’. काही ठिकाणी चढ इतका उभा आहे, की नांगर चालत नाही. वाहून खाली आलेली माती माणसे पाठीवरून वर नेतात आणि दगडी बांधांच्या पायऱ्या दर पिढीस डागडुजी करून टिकवाव्या लागतात. ४५ अंश उत्तर अक्षांशाजवळ सूर्य तिरपा तळपतो. दक्षिणाभिमुख उतारावर ऊन अधिक सरळ पडते, पाणी साचत नाही व फळ पिकते. म्हणून हा सारा खटाटोप.

सांगली १७ अंश अक्षांशाजवळ आहे. येथे उन्हाची वाण नाही, अडचण आहे ती पावसाची. सातारा जिल्ह्यात तीव्र उतार हवे तेवढे आहेत. परंतु महाबळेश्वरी वर्षाकाठी सु. ६,००० मिमी. पाऊस कोसळतो आणि तेथे वेल बुरशीने कुजून जाईल. त्या उतारांवर स्ट्रॉबेरी रुजली, द्राक्ष नाही. पूर्वेस जावे तसा पाऊस झपाट्याने घटत जातो आणि आटपाडी–जतच्या बाजूस तो ५०० मिमी. च्या आसपास येतो. तात्पर्य, फ्रान्समध्ये द्राक्षवेल उन्हासाठी डोंगर चढली, तर येथे ती पावसाला टाळून डोंगराच्या पर्जन्यछायेत, मुरमाड माळावर उतरली. डोंगराने दोन्हीकडे उपकारच केले, पण वेगवेगळ्या बाजूंनी.

मळ्याचा वर्षक्रम : समशीतोष्ण प्रदेशात हिवाळ्यात वेल पाने गाळून विश्रांती घेते. येथील उबदार हवेत ती झोपतच नाही. तिला सोडून दिले, तर इब्न बतूताने पाहिल्याप्रमाणे ती दोनदा फळू शकते. मात्र दुसरे पीक पावसात सापडते. यावर दख्खनी बागायतदारांनी काढलेला तोडगा म्हणजे दोन छाटण्या व एक पीक. एप्रिलमध्ये खरडछाटणी करून नवीन काडी तयार करावयाची आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून तीवर घड धरावयाचा. फळ जानेवारी ते एप्रिल या कोरड्या काळात हाती येते. विश्रांती नसलेल्या वेलीचा मालकही वर्षभर मोकळा नसतो. फळछाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काडीवर रसायनाचा लेप, मग फुटींची विरळणी, घडाची विरळणी, मणी फुगण्यासाठी जिब्रेलिक आम्लात घड बुडविणे आणि या सर्वांत रोज आभाळाकडे पाहत केवडा, भुरी व करपा यांवर फवारण्या, असा हा क्रम आहे. यातील विरळणीचे नाजूक काम बहुतांशी स्त्रिया करतात. मळ्याचा ताळेबंद मांडताना घरच्या स्त्रियांचे हे श्रम सहसा मोजले जात नाहीत.

फवारणीच्या या कामात फ्रान्सशी एक जुना दुवा आहे. मोरचूद व चुना यांच्या मिश्रणास सांगलीचा प्रत्येक बागायतदार ‘बोर्डो’ म्हणतो. बॉर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मीयार्दे यास १८८२ मध्ये असे आढळले, की रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून शिंपडलेल्या या निळसर मिश्रणामुळे त्या केवड्यापासून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. दुसरा दुवा मुळांचा. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या कीटकाने फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अमेरिकी वेलींच्या खुंटावर फ्रेंच वाणांची कलमे करून ते पुन्हा उभे करण्यात आले. सांगलीत विसाव्या शतकाच्या अखेरीस टेक्ससकडील ‘डॉगरिज’ हा खुंट रूढ झाला. येथे शत्रू कीटक नव्हता, तर क्षारयुक्त जमीन व अपुरे पाणी हा होता.

तासगावचा उदय : सातारा–सांगलीच्या नदीकाठी उसाने सहकारी साखर कारखाने उभे केले व त्यांतून राजकीय नेतृत्व घडले. द्राक्षाने असे काही केले नाही. ऊस कारखान्याच्या वेळापत्रकाने तोडला जातो. द्राक्षाचा घड मात्र मालकाच्या नजरेवर अवलंबून असतो. त्यामुळे मळा दोन-चार एकरांचा व कुटुंबाच्या आवाक्यातलाच राहिला आणि प्रयोगही कुटुंबांनीच केले. बोरगाव (ता. तासगाव) येथील वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या वाणातून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हा वाण पुढे आणला, त्याच्या नावातील ‘तास’ हा तासगावचा निर्देश होय. शासकीय संशोधन केंद्राऐवजी शेतकऱ्याच्या बांधावर निपजलेला हा वाण राज्यभर पसरला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने एका मळ्यातील अनुभव दुसऱ्या मळ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम केले. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्यास १९९७ मध्ये सुरू झाले, म्हणजे बरेच नंतर.

पाण्यासाठी या कुटुंबांनी जे सोसले, त्याची पुरेशी नोंद झालेली नाही. विहिरी आटल्यावर विंधन विहिरी, त्या आटल्यावर टँकरने विकत आणलेले पाणी आणि त्यासाठी काढलेले कर्ज, हा पूर्व भागातील नित्याचा अनुभव होता. ठिबक सिंचनामुळे थोड्या पाण्यावर वेल जगू लागली आणि ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी माळावर पोहोचविल्यावर परिस्थिती काहीशी पालटली.

बेदाणा : ताजे द्राक्ष थांबत नाही. मुंबईचा वा परगावचा दलाल जो भाव देईल तो घ्यावा लागतो. पैसे बुडविल्याच्या तक्रारी दर हंगामात ऐकू येतात. १९८० नंतर या भागात रूढ झालेल्या बेदाणानिर्मितीने बागायतदारास प्रथमच थांबण्याची मुभा दिली. पक्व घड पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या पाण्यातील मिश्रणात बुडवून काढतात. त्यामुळे मण्यावरील मेणचट थर विरघळतो व ओलावा लवकर निघून जातो. मग शेडमधील जाळ्यांच्या अनेक मजली मांडणीवर, थेट उन्हात न ठेवता सावलीत, ते सु. १२ ते १५ दिवस सुकवितात. साधारण चार किग्रॅ. द्राक्षांपासून एक किग्रॅ. बेदाणा मिळतो. कवठे महांकाळकडील उघडे माळ व तेथील कोरडा वारा, ज्यांना शेतीच्या दृष्टीने कोणी विचारीत नसे, ते या कामी मोलाचे ठरले. फेब्रुवारी–मार्चमध्ये अवकाळी पाऊस आल्यास मात्र जाळीवरचा माल काळवंडतो आणि वर्ष वाया जाते.

तयार बेदाणा शीतगृहात ठेवता येतो, शेतमाल तारण योजनेत त्यावर कर्ज मिळते आणि तासगाव व सांगली येथील सौद्यांत भाव पाहून तो विकता येतो. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. फ्रेंच मद्योत्पादकास तळघरामुळे जे बळ मिळते, म्हणजे एका हंगामाचे फळ दुसऱ्या हंगामापर्यंत राखण्याचे, तेच बळ बेदाण्याने येथील कुटुंबास दिले. फरक इतकाच, की मद्य ठेवल्याने मुरते, बेदाणा नुसता टिकतो.

मद्यनिर्मितीचा प्रयत्न : महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत देण्यात आली आणि नासिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्योगासाठी खास वसाहती आखण्यात आल्या. मद्यनिर्मिती कंपन्यांशी खरेदीचे करार करून अनेक बागायतदारांनी सिरा (शिराझ), काबेर्ने सोव्हिन्यों, सोव्हिन्यों ब्लाँ यांसारख्या वाणांची लागवड केली. यांपैकी सिरा हा एर्मिताज व कोत-रोती यांचाच वाण होय. तो इराणातील शीराझ नगरीहून गेला, ही समजूत १९९८ मधील जनुकीय तपासणीने निराधार ठरविली. त्याचे दोन्ही पूर्वज आग्नेय फ्रान्समधील आहेत.

मद्याचे द्राक्ष लहान मण्याचे, जाड सालीचे व बियांचे असते. ते बाजारात खाण्यासाठी विकले जात नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. खाण्याच्या वाणास परदेश, देशी बाजार व बेदाणा अशा तीन वाटा आहेत. मद्याच्या वाणास एकच, आणि ती वाट मळेवाल्याच्या मालकीची नव्हती. २००८-०९ मध्ये जागतिक मंदी व मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर घटलेले पर्यटन यांमुळे वाइनची मागणी घसरली, टाक्यांमध्ये साठा पडून राहिला आणि कंपन्यांनी खरेदी आखडली. करार कागदावर राहिले व फळ वेलीवर. अनेक मळे तोडण्यात आले. काही ठिकाणी वेल बुंध्याशी छाटून त्याच खुंटावर खाण्याच्या वाणाचे कलम करण्यात आले. पलूसची वसाहत अपेक्षेप्रमाणे बहरली नाही.

या अपयशाचे खापर येथील माती वा हवामान यांवर फोडणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. ऱ्होन खोऱ्यातही १९६० च्या दशकात काँद्रिएची लागवड सु. १० हेक्टरांवर आली होती आणि कष्टाचे उतार सोडून लोक खाली कारखान्यांत कामास जात होते. ते मळे पुन्हा उभे राहिले, कारण वेल व तळघर एकाच कुटुंबाच्या हाती होते आणि वाढलेला भाव मळ्यापर्यंत पोहोचला. मोव्ह येथील शाव घराणे १४८१ पासून पित्याकडून पुत्राकडे हा व्यवसाय चालवीत आले आहे, ते याच रचनेमुळे. सांगलीत मात्र मळेवाला कच्चा माल पुरविणाराच राहिला. लहान मळेवाल्याने स्वतःची मद्यशाळा काढावी, तर त्यासाठी लागणारे भांडवल, परवाने व तंत्रज्ञान त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. शिवाय माळकरी वारकऱ्यांच्या या मुलखात मद्यास असलेला सामाजिक विरोधही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय शासनाने घेतला, तेव्हा हा विरोध राज्यभर प्रकट झाला व तो निर्णय अमलात आला नाही.

२०१९ च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने फळछाटणीनंतरच्या कोवळ्या घडांचे सांगली व नासिक या दोन्ही भागांत मोठे नुकसान केले. तेव्हापासून काही बागायतदार छाटणीच्या तारखा मागेपुढे करून, तर काही मळ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून पावसाला चुकविण्याचा प्रयत्न करीत आहेत. आच्छादनाचा खर्च मोठा असल्याने लहान मळेवाले अद्याप छाटणीच्या तारखेवरच भिस्त ठेवतात.