देवमासा (महाराष्ट्र)

देवमासा : सीटॅसिया गणातील अवाढव्य सागरी सस्तन प्राणी. तो फुप्फुसांनी श्वास घेतो व पिल्लांना दूध पाजतो. व्हेल शार्क हा मात्र खरा मासा असून त्याची गणना देवमाशांत होत नाही. कोकण-गोव्याच्या समुद्रात निळा, ब्राइडचा व हंपबॅक या जातींच्या नोंदी आहेत.

शिकार : मोठ्या प्रमाणावरील व्यापारी शिकारीची परंपरा कोकणात आढळत नाही. अरबी समुद्रातील देवमाशांची कत्तल केली ती परकी जहाजांनी. सोव्हिएत ताफ्यांनी मुख्यतः नोव्हेंबर १९६६ मध्ये येथे २४२ हंपबॅक मारले. अधिकृत आकडेवारीत दडवलेली ही संख्या १९९० नंतर उघड झाली. येथील हंपबॅक इतरांप्रमाणे ध्रुवाकडे स्थलांतर करीत नाहीत, म्हणून ही हानी भरून निघणे कठीण ठरले. हिंदी महासागर १९७९ मध्ये देवमाशांचे अभयारण्य ठरला. व्यापारी शिकारीवरील जागतिक स्थगिती १९८६ पासून लागू आहे.

किनाऱ्यावरील घटना : महाराष्ट्रातील माहिती मुख्यतः वाहून आलेल्या प्राण्यांवरून मिळते. जून २०१५ मध्ये रेवदंडा (जि. रायगड) येथे सुमारे ४२ फुटी निळा देवमासा जिवंत आला, ग्रामस्थ व वनकर्मचाऱ्यांच्या खटपटीनंतरही तो मेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहू किनाऱ्यावर ब्राइडच्या देवमाशाचे शव आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे अडकलेले पिल्लू टगबोटीने खोल समुद्रात सोडण्यात आले; ते परत किनाऱ्याला लागले व दगावले. वृत्तांत ते निळ्या देवमाशाचे म्हटले आहे. जहाजाची धडक, जाळी, आजार, पाण्याखालील गोंगाट अशी कारणे सांगितली जातात. बहुतेक घटनांत निश्चिती नाही. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात सुमारे ५५ फुटी सांगाडा जतन केलेला आहे.

जिवंत दर्शन : कुणकेश्वर (जि. सिंधुदुर्ग) परिसरात २०१५ मध्ये निळे देवमासे दिसले. गोव्याजवळ हंपबॅकचे गायन ध्वनिमुद्रित झाले आहे.

अंबर : स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा, सुगंधी द्रव्यांत वापरला जाणारा पदार्थ. वर्तमानपत्रांत ‘व्हेलची उलटी’ या नावाने गाजतो. पोलीस किलोमागे कोटीच्या घरातील किंमत सांगतात. तो बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे.

कायदा व प्रशासन : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देवमासा संरक्षित आहे. मृत आढळलेला वन्यप्राणी शासनाची मालमत्ता ठरतो (कलम ३९), म्हणून किनाऱ्यावरील शवाची विल्हेवाटही वनखात्याकडे येते. संशोधनासाठी लागणारा परवाना राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यांचे कार्यालय नागपूरच्या वनभवनात आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. किनाऱ्यावरचे काम वनखात्याचा २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष पाहतो. संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ मध्ये आली.



(पहा : अंबर, कांदळवन, डॉल्फिन)