आठवड्याचे शंभर मैल

2 सप्टेंबर 1960 या दिवशी रोमच्या ऑलिंपिक मैदानावर आठशे मीटरची अंतिम शर्यत होती. बेल्जमचा रॉजे मुन्स ती जिंकणार असे बहुतेक जाणकार धरून चालले होते, कारण त्या अंतराचा जागतिक विक्रम त्याच्याच नावावर होता. पण शेवटच्या चार पावलांत काळा बनियन घातलेला एक धिप्पाड तरुण आतल्या बाजूने पुढे घुसला आणि फीत तोडून गेला. त्याचे नाव पीटर स्नेल. लोक हे नाव एकमेकांना विचारताहेत तोच, त्याच दुपारी, त्याच काळ्या बनियनातला मरे हॅलबर्ग पाच हजार मीटरच्या शर्यतीला उभा राहिला. रग्बी खेळताना झालेल्या अपघातात त्याचा डावा हात निकामी झाला होता. तीन फेऱ्या उरल्या असता तो एकाएकी सुटला, मागच्यांना अंतर पडले, आणि अखेर रेषा ओलांडून तो हिरवळीवर आडवा झाला. पुढे आठ दिवसांनी मॅरेथॉन झाली. अनवाणी धावून ती जिंकणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला आपल्याला ठाऊक आहेच, पण तिसरा कोण आला हे आपण सहसा विचारत नाही. तिसरा आला बॅरी मॅगी, आणि तोही न्यूझीलंडचाच.

एक धावला दोन मिनिटांहून कमी वेळ, दुसरा सुमारे चौदा मिनिटे आणि तिसरा सव्वादोन तासांहून जास्त. तिघांचा गुरू मात्र एकच, आणि तालीमही जवळजवळ एकच. ऑकलंड शहरात जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा हा गुरू म्हणजे आर्थर लिडियार्ड. संसाराला पुरावे म्हणून तो पहाटे घरोघर दूधही घालीत असे. त्याच्याजवळ ना विद्यापीठाची पदवी होती, ना सरकारी पगार. या गोष्टीने मला पहिल्यापासून त्याच्याविषयी आपलेपणा वाटत आला आहे. मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला असे सोबती हवेच असतात!

त्याची कथा सुरू होते ती एका फजितीपासून. 1917 साली जन्मलेला लिडियार्ड तरुणपणी रग्बी खेळे आणि स्वतःला चांगला दणकट समजे. एकदा जॅक डोलन नावाच्या वयाने वडील असलेल्या धावपटूने त्याला पाच मैल पळायला नेले. डोलन मजेत चालला होता. लिडियार्डची छाती फुटायची वेळ आली. घरी आल्यावर त्याच्या मनात आले, सत्ताविसाव्या वर्षी ही गत, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी माझे काय होईल? (मी आज त्याच वयाच्या उंबरठ्यावर आहे आणि शाळेचा जिना चढताना हा प्रश्न मला रोज भेटतो.)

मग त्याने प्रयोग मांडला, आणि प्रयोगाचा प्राणी म्हणून स्वतःलाच निवडले. त्या काळी पळण्याची तालीम म्हणजे मैदानावर ठरावीक अंतर जोरात पळणे, थोडी विश्रांती घेणे आणि पुन्हा पळणे. झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकून त्या रीतीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. लिडियार्ड मात्र रस्त्यावर उतरला. कधी आठवड्याला थोडे मैल, कधी अतोनात. अतोनात पळाले की शरीर मोडते आणि थोडे पळाले की ते जागचे हलत नाही, असे करीत करीत कित्येक वर्षांनी तो एका आकड्यावर ठरला: आठवड्याचे शंभर मैल. म्हणजे आपल्या हिशेबाने एकशेसाठ किलोमीटर. मुंबईहून निघून पायी पुणे गाठावे एवढे, आणि तेही दर आठवड्याला! याच तालमीवर 1953 आणि 1955 साली तो आपल्या देशाचा मॅरेथॉन-विजेता झाला.

त्या आठवड्याचे रूप ऐकण्यासारखे आहे. एखाद्या दिवशी दहा मैल, एखाद्या दिवशी पंधरा, मध्येच एकदा अठरा. आणि रविवारी बावीस. रविवारची ही फेरी लिडियार्डच्या घरापासून निघे, शहर मागे टाकून वायटाकेरेच्या डोंगरात चढे, वायटारुआ या वस्तीवरून वळसा घेई आणि पुन्हा घराशी उतरे. ऑकलंडच्या धावपटूंमध्ये नुसते 'वायटारुआ' म्हटले तरी पायांत गोळे येत. आणि या मेळ्यात मॅरेथॉनवालेच नव्हते. दोन फेऱ्यांत ज्याची शर्यत आटपते तो स्नेलही त्यांच्याबरोबर डोंगर चढत होता.

पण नीट पाहा. हे मैल धापा टाकीत काढायचे नव्हते. शेजारच्याशी बोलता यावे एवढाच वेग. घाम गाळा, पण शरीर पिळू नका, असा त्याचा दंडक. असे काही आठवडे गेले की मग टेकड्यांवरच्या उड्या, आणि वेगाची तालीम सर्वांत शेवटी, शर्यती जवळ आल्यावर.

हे मला थोडे आधी कळले असते तर बरे झाले असते. आमच्या शाळेत एक मुलगा होता. शेतावरून शाळेत येताना तो रोज सहज तीन-चार मैल चालत असे. त्याच्या पायांत काही आहे हे मी ओळखले आणि तालुक्याच्या स्पर्धेसाठी त्याला तयार करायला घेतले. हातात घड्याळ धरून मी त्याला दररोज चारशे मीटर जिवाच्या आकांताने पळवीत असे, आणि कालच्यापेक्षा एक सेकंद जास्त लागला की रागावत असे. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या नडग्या दुखू लागल्या. चौथ्या आठवड्यात तो आला नाही. पुढे तो वर्गात येई, पण मैदानाकडे पाहतसुद्धा नसे. त्याने मला कधी दोष दिला नाही, हेच मला अधिक लागले. जोर-बैठका संथपणे वाढवीत नेणाऱ्या आखाड्यातल्या वस्तादाला जे कळते, ते माझ्या घड्याळाला कळले नव्हते.

लिडियार्डवर टीका झाली नाही असे नाही. आठशे मीटरच्या माणसाला मॅरेथॉनची तालीम म्हणजे घोड्याला बैलाची कामे, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना उत्तर स्नेलने दिले. डिसेंबर 1961 मध्ये तो चक्क मॅरेथॉन धावला. दोन तास एकेचाळीस मिनिटे लागली. त्यानंतर सहा-सात आठवड्यांतच, 27 जानेवारी 1962 रोजी, वांगानुईच्या गवताळ मैदानावर त्याने एक मैल 3 मिनिटे 54.4 सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला, आणि आठवडाभरात क्राइस्टचर्चला आठशे मीटरचाही. 1964 साली टोकियोत तर आठशे आणि पंधराशे ही दोन्ही सुवर्णपदके त्याने एकट्याने नेली.

त्याच सुमारास लिडियार्ड दुसऱ्याच मंडळींना रस्त्यावर आणीत होता. पोट सुटलेले व्यापारी, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले गृहस्थ! अशा रुग्णाने हलू नये असे मानण्याचे ते दिवस होते. हा चांभारकाम करणारा माणूस त्यांना सांगे, हळू पळा, दमलात तर चाला. 1962 साली ऑकलंडमध्ये अशा लोकांचे मंडळच निघाले. ते पाहून अमेरिकेचे बिल बोवरमन चकित झाले आणि ती कल्पना आपल्या देशात घेऊन गेले. आज आपल्या बागांतून सकाळी जे लोक रमतगमत पळताना दिसतात, त्यांच्या वंशावळीत हे ऑकलंडचे व्यापारी आहेत.

हे सारे का घडते, हे लिडियार्डला शास्त्राच्या भाषेत सांगता येत नसे. ते काम पुढे इतरांनी केले. 1967 साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना यंत्रावर रोज पळवून दाखवून दिले की त्यांच्या स्नायूंतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतल्या त्या बारीक भट्ट्या, वाढतात. आणि गंमत अशी की या शोधात खुद्द स्नेलही उतरला. पळणे थांबल्यावर तिशी उलटून गेलेला हा विश्वविक्रमवीर अमेरिकेत पुन्हा विद्यार्थी झाला, 1981 साली त्याने डॉक्टरेट मिळवली आणि पुढची कित्येक वर्षे डॅलसच्या वैद्यकीय विद्यापीठात संशोधन केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लांब पल्ल्यावर संथ पळताना आधी स्नायूंतले मंद तंतू राबतात. तासामागून तास गेले की त्यांच्यातला साखरेचा साठा संपत येतो, आणि मग एरवी केवळ वेगाच्या वेळी जागे होणारे शीघ्र तंतू नाइलाजाने कामाला लागतात. वायटारुआच्या शेवटच्या पाच-सहा मैलांत, जिथे पाय ओढवत नाहीत, तिथेच आठशे मीटरच्या धावपटूची खरी तालीम चाललेली असते.

लिडियार्ड वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, डिसेंबर 2004 मध्ये वारला. तेव्हा तो अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होता. स्नेल 2019 साली गेला, हॅलबर्ग 2022 साली. रविवारी सकाळी वायटारुआच्या त्या रस्त्यावर ऑकलंडचे लोक आजही पळतात.