खोडदच्या जाळीत गुरू

गुरूला कडी आहेत हे छायाचित्राआधी हिशेबातल्या तुटीने सुचवलं होतं. डिसेंबर १९७४ मध्ये पायोनियर ११ यान गुरूजवळून गेलं, तेव्हा एका पट्ट्यात विद्युतभारित कण अचानक घटले. ते कुणीतरी गिळत होतं! १९७६ मध्ये संशोधक अकुन्या आणि नेस यांनी कड्याची शक्यता मांडली. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर १ ने ते टिपलं. श्रेय मात्र कॅमेऱ्यालाच जास्त मिळालं.

त्याच विद्युतभारित कणांची रेडिओ कुजबुज पुढे पुणे जिल्ह्यात ऐकू आली. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, ताणलेल्या पोलादी तारांच्या जाळीचा. वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात. कारभार पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे (एनसीआरए).

नोव्हेंबर २०११ मध्ये जपानी संशोधकांनी याच दुर्बिणीने गुरूचे प्रारणपट्टे, म्हणजे याच कणांचे पट्टे, न्याहाळले. सूर्याच्या अतिनील किरणांनी गुरूचं विरळ वरचं वातावरण तापतं, तिथले वारे बदलतात, विद्युतक्षेत्र हलतं आणि इलेक्ट्रॉन आत सरकून जास्त रेडिओ लहरी सोडतात, ही कल्पना त्यांना तपासायची होती. सूर्याचे अतिनील किरण वाढले तसा गुरूचा रेडिओ प्रकाशही वाढलेला दिसला.