मातीचा ट्रॅक एकच, मग गाड्यांचे इतके वर्ग कशाला? अमेरिकेतल्या डर्ट ट्रॅक रेसिंगमागचं गणित

१९ जून १९४९. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहराजवळच्या मातीच्या ट्रॅकवर ३३ गाड्या उभ्या होत्या. आज जगप्रसिद्ध असलेल्या नॅसकार या संस्थेची ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ प्रकारातली ही पहिलीच शर्यत. नियम अगदी साधा होता. शोरूममधून गाडी जशी बाहेर पडते, तशीच ती पळवायची.

२०० फेऱ्यांनंतर ग्लेन डनवे हा ड्रायव्हर तब्बल ३ फेऱ्यांच्या आघाडीने पहिला आला. पण नंतर गाडी तपासली, तेव्हा मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार केलेला सापडला. चोरटी दारू वाहून नेणाऱ्यांची ही जुनी युक्ती होती. डिकीत माल भरला तरी गाडी मागून बसू नये आणि वळणावर डळमळू नये, यासाठी ती वापरली जायची. डनवेला बाद केलं गेलं आणि जिम रोपर विजेता ठरला. गाडीचा मालक कोर्टात गेला, पण तिथेही त्याच्या हाती काही लागलं नाही.

गाडीत किती बदल चालतील आणि त्यावर किती पैसा ओतता येईल? डर्ट ट्रॅकवरचे सगळे वर्ग याच प्रश्नातून तयार झाले आहेत.

कुस्तीत जसे वजनगट असतात, तसंच हे आहे. ५७ किलोचा मल्ल आणि ९७ किलोचा मल्ल एकाच मातीत लढतात, पण एकमेकांशी नाही. इथे वजनाच्या जागी इंजिन, चेसिस आणि खिसा मोजला जातो.

शर्यतीची रात्र कशी असते?

डर्ट ट्रॅक म्हणजे चिकणमातीचा लंबगोल ट्रॅक. त्याची लांबी साधारण पाव मैल ते अर्धा मैल, म्हणजे ४०० ते ८०० मीटर. गाड्या सतत डावीकडे वळतात. मातीवर टायर घसरतात, म्हणून गाडी डावीकडे वळत असताना ड्रायव्हर स्टेअरिंग उजवीकडे धरून ती आडवी सरकवत नेतो.

लहान गावांतल्या ट्रॅकवर या शर्यती बहुतेक शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री होतात. आधी ‘हीट’ नावाच्या छोट्या शर्यती आणि शेवटी मुख्य शर्यत, म्हणजे ‘फीचर’. एकाच रात्री चार-पाच वर्गांच्या शर्यती होतात. सुरुवातीला पाणी मारलेली ओलसर माती रात्र चढेल तशी सुकत आणि गुळगुळीत होत जाते. त्यामुळे संध्याकाळी जमलेलं गाडीचं सेटिंग रात्री चालेलच असं नाही.

सुरुवात: चार सिलिंडरच्या छोट्या गाड्या

सगळ्यात खालच्या वर्गाला कुठे स्पोर्ट कॉम्पॅक्ट, कुठे हॉर्नेट, तर कुठे मिनी स्टॉक म्हणतात. होंडा सिव्हिक, शेवरले कॅव्हेलियर यांसारख्या जुन्या गाड्या घ्यायच्या, काचा काढायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, म्हणजे रोल केज बसवायचा आणि उतरायचं. यातल्या बऱ्याच गाड्यांची पुढची चाकं इंजिनवर चालतात, त्यामुळे त्या मोठ्या गाड्यांसारख्या आडव्या घसरत नाहीत. नवशिक्यांसाठी हा स्वस्तातला वर्ग.

हॉबी स्टॉक आणि स्ट्रीट स्टॉक

इथून खऱ्या अर्थाने जुन्या अमेरिकन गाड्या सुरू होतात. व्ही-८ इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि पत्र्याची जड बॉडी. या वर्गांचा मोठा आधार म्हणजे जनरल मोटर्सच्या १९७८ ते १९८८ या काळातल्या मध्यम आकाराच्या गाड्यांची चेसिस. वर्षानुवर्षं ती भंगारवाल्याकडे सहज मिळायची. पण त्या गाड्या बंद होऊन आता साडेतीन दशकांहून जास्त काळ लोटला आहे. चांगली चेसिस मिळणं अवघड होत चाललंय आणि या ‘स्वस्त’ वर्गाचा खर्चही त्यामुळे वाढतोय.

मॉडिफाइड: अर्धी रस्त्याची, अर्धी रेसची

पुढची चाकं उघडी आणि मागची झाकलेली, ही या गाडीची ओळख. आयएमसीए या १९१५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९७९ मध्ये आयोवा राज्यातल्या विंटन गावी हा वर्ग सुरू केला. चेसिसचा काही भाग रस्त्यावरच्या गाडीचा, बाकीचा सांगाडा रेससाठी बनवलेला. महागड्या लेट मॉडेलइतका खर्च न करता वेगवान गाडी मिळावी, हा यामागचा विचार. आयएमसीएची ‘सुपर नॅशनल्स’ स्पर्धा दर सप्टेंबरमध्ये आयोवातल्याच बून गावात भरते.

न्यूयॉर्क आणि आसपासच्या राज्यांत मात्र ‘मॉडिफाइड’ म्हटलं की वेगळीच गाडी डोळ्यांसमोर येते. तिची बॉडी रुंद आणि चौकोनी असते, आणि ड्रायव्हर जवळपास मधोमध बसतो. नाव एक असलं तरी या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

लेट मॉडेल: सगळ्यात वरचा वर्ग

नावात ‘स्टॉक कार’ असली तरी सुपर लेट मॉडेलमध्ये शोरूमच्या गाडीचं जवळपास काहीच उरलेलं नसतं. नळ्यांची खास चेसिस, पाचरीसारखी बसकी बॉडी, मागे मोठा स्पॉयलर आणि ८०० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त ताकदीचं इंजिन. गाडीचं वजन मात्र साधारण एक टन. वळणातून जोर लावून बाहेर पडताना पुढचं डावं चाक चक्क हवेत उचललं जातं.

या वर्गाचं सगळ्यात मानाचं ठिकाण म्हणजे ओहायो राज्यातलं एल्डोरा स्पीडवे. तिथे १९७१ पासून ‘वर्ल्ड १००’ ही शर्यत होते. २०२२ मध्ये याच ट्रॅकवर जोनाथन डेव्हनपोर्टने एका शर्यतीत १० लाख डॉलरहून जास्त बक्षीस जिंकलं.

श्रीमंतांना आवरायचं कसं?

नुसते वर्ग पाडून भागत नाही. खालच्या वर्गातही कोणी महागडं इंजिन आणलं की बाकीचे आपोआप मागे पडतात आणि हळूहळू येणंच बंद करतात. गाड्याच आल्या नाहीत, तर गावातला ट्रॅकही चालत नाही. त्यावर दोन उपाय निघाले.

पहिला ‘क्लेम’चा नियम. शर्यत संपल्यावर प्रतिस्पर्धी ड्रायव्हर आधीच ठरलेली रक्कम देऊन पुढे आलेल्या गाडीचं इंजिन मागू शकतो. नकार दिला तर त्या रात्रीच्या बक्षिसावर पाणी सोडावं लागतं. इंजिन कवडीमोलाने जाणार असेल, तर त्यावर कोण पैसे उधळेल?

दुसरा उपाय ‘क्रेट’ इंजिन. कंपनीकडून सीलबंद आलेलं इंजिन तसंच वापरायचं, सील तुटलं की गाडी बाद. जनरल मोटर्सची ‘६०२’ आणि ‘६०४’ ही इंजिनं यात सगळ्यात प्रसिद्ध. पहिल्याची ताकद सुमारे ३५० हॉर्सपॉवर, दुसऱ्याची सुमारे ४००. क्रेट लेट मॉडेल हा वर्ग ‘६०४’मुळेच लोकप्रिय झाला.

मग नॅसकारचं काय झालं?

नॅसकारची मुख्य मालिका हळूहळू डांबरी ट्रॅकवर गेली. सप्टेंबर १९७० मध्ये रॅली इथे झालेली मातीवरची शर्यत रिचर्ड पेटीने जिंकली. त्यानंतर थेट २०२१ मध्ये, ब्रिस्टलच्या काँक्रीट ट्रॅकवर माती पसरून ती मालिका पुन्हा मातीत उतरली. मधल्या पन्नास वर्षांत मातीवरच्या स्टॉक कार जिवंत ठेवल्या त्या गावोगावच्या छोट्या ट्रॅकनी.

व्हिडिओ पाहताना गाडी कशी ओळखायची?

गाडीवर भलंमोठं पंख असेल आणि चारही चाकं उघडी असतील, तर ती स्प्रिंट कार. ती स्टॉक कारमध्ये मोडतच नाही. फक्त पुढची चाकं उघडी असतील तर मॉडिफाइड. पाचरीसारखी बसकी गाडी दिसली तर लेट मॉडेल. आणि दारं चेपलेली, साधी जुनी गाडी वाटली तर हॉबी किंवा स्ट्रीट स्टॉक.

वर्ग कोणताही असो, झेंडा पडला म्हणजे निकाल लागला असं नसतं. पुढे आलेल्या गाड्या आजही आधी वजनकाट्यावर आणि तपासणीला जातात, आणि नियमाबाहेरचं काही सापडलं तर विजेत्याची गत डनवेसारखीच होते.