एक नाव, अनेक रंग

दिवाळीच्या सुमारास आमच्या मूलकडे हलके धान कापणीला आलेले असते. बांध्यांतले पाणी उतरते, धुरे उघडे पडतात, आणि धुऱ्यावरून चालताना पायाजवळून एखादा मोठा, शेवाळी रंगाचा बेडूक धप्पकन उडी मारून उरल्यासुरल्या चिखलात नाहीसा होतो. कापणीच्या घाईत त्याच्याकडे दुसऱ्यांदा कुणी पाहत नाही. मी मात्र क्षणभर थबकतो. हाच गृहस्थ जून महिन्यात कोणता पोशाख करून बसला होता, हे मी पाहिलेले असते. आणि ह्याच्याच एका पूर्वजाने मला साऱ्या आळीसमोर खोटे पाडले होते, हेही मी अजून विसरलेलो नाही.

ती गोष्ट 1963 सालची. तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत. गडचिरोली वेगळी व्हायला अजून एकोणीस वर्षे होती. मिरग लागून चार दिवस झाले होते. रात्री पहिला जोराचा पाऊस कोसळला आणि गावाबाहेरच्या बोडीकडून असा काही आवाज उठला, की गुरांचा कळपच पाण्यात शिरला असावा. पहाटे मी एकटाच तिकडे गेलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. बांधीच्या गढूळ पाण्यात हळदीने माखल्यासारखे पिवळेजर्द बेडूक बसले होते; एकदोन नव्हे, पन्नास तरी असतील. ओरडताना त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगत. असा प्राणी मी जन्मात पाहिला नव्हता. जगाला ठाऊक नसलेला बेडूक आपल्याला सापडला, अशी माझी खात्री झाली. एक पकडला, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला, तोंडाला फडके बांधले आणि घरी आणून फडताळात लपवला. शाळेच्या वाटेवर सगळ्या पोरांना सांगून टाकले, की संध्याकाळी या, सोन्याचा बेडूक दाखवतो.

संध्याकाळी दहाबारा पोरे जमली. मी ऐटीत फडके सोडले. बरणीत एक मळकट, तपकिरी बेडूक डोळे मिचकावीत बसला होता. पोरे हसत सुटली. एकाने मला लबाड म्हटले, दुसऱ्याने त्याहून वाईट काही म्हटले. मी रडकुंडीला येऊन शपथा घेऊ लागलो. ओसरीवर आबाजी सुताची दोरी वळीत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटले, "बाबू, तू बेंडूक आणला गा, त्याचा मिरग नाही आणला. जा, सोडून ये त्याला."

मी सोडून आलो. पण ते वाक्य माझ्यापाशी राहिले. पुढे शिक्षकीच्या व्यवसायात वाचनाची सवय लागली, तेव्हा ध्यानात आले, की बेडकाच्या रंगाने चकित झालेला मी काही पहिला माणूस नव्हे. ह्या आश्चर्याला निदान तीन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्याच घरात सुरू होतो.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एकशे तिसरे सूक्त मंडूकांचे आहे. ऋचा अवघ्या दहा, ऋषी वसिष्ठ. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे मौन धरून पडलेले बेडूक पर्जन्याच्या स्पर्शाने बोलू लागतात, एकाचा शब्द दुसरा उचलतो, जसा गुरूचा शब्द शिष्य उचलतो, असे त्यात वर्णन आहे. पण मला नवल वाटले ते पुढच्या निरीक्षणाचे. कवी सांगतो, की ह्यांच्यातला एक गाईसारखा हंबरतो, एक बोकडासारखा ओरडतो. एक ठिपक्याठिपक्यांचा आहे, तर एक हिरवा आहे. नाव सगळ्यांचे एकच, रूपे मात्र निरनिराळी. यास्काने निरुक्तात ह्या सूक्ताची जन्मकथाच दिली आहे: पावसाची इच्छा धरून वसिष्ठाने पर्जन्याची स्तुती केली, बेडकांनी तिला रुकार दिला, तो ऐकून प्रसन्न झालेल्या वसिष्ठाने मग बेडकांचीच स्तुती केली. मॅक्सम्युलरला ह्या सूक्तात पुरोहितांची थट्टा दिसली. ब्लूमफील्डसारख्या पंडितांनी ते पावसासाठी म्हणावयाचे गंभीर सूक्त मानले. तो वाद विद्वानांचा. माझ्यासारख्या मूलच्या माणसाला एवढे पुरे आहे, की कुणीतरी भर पावसात पाण्याच्या काठी उभे राहून बेडकांचे रंग वेगवेगळे टिपले होते, आणि ते टिपताना त्यांचे नाव एकच आहे हे तो विसरला नव्हता.

आमच्या झाडीपट्टीत ह्या सूक्ताची एक गावठी बहीण नांदत आली आहे. पाऊस ताणून धरू लागला, की पोरे मुसळाला बेडूक बांधत, वर कडुनिंबाचा पाला लावीत आणि धोंडी मागत दारोदार हिंडत. बाया तांब्याभर पाणी ओतून पसाभर धान्य देत. त्यात बेडकाचे हाल होत, हे खरे. पण बेडूक आणि पाऊस ही एकाच घरची माणसे, ही समजूत त्यामागे होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. गोंड राजांच्या काळापासून तळी आणि बोड्या बांधीत आलेला हा मुलूख आहे. मालगुजारी 1951 साली गेली, तरी मालगुजारांची तळी, म्हणजे आमचे मामा तलाव, राहिले. आणि धानाच्या प्रत्येक बांधीत पावसाळ्यात बेडकाचे बिऱ्हाड राहिले.

आता जरा दूर, पॅरिसला जाऊ. तेथे फ्रांस्वा दोदँ नावाचा एक तरुण होता. लहानपणच्या दुखण्याने तो पायांनी अधू झालेला, त्यामुळे रानावनात हिंडणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याने ग्रंथ आणि संग्रहातले नमुने यांवरच काम केले आणि 1803 साली, तिशीही न ओलांडता, तो वारला. आपल्या ह्या मोठ्या बेडकाला शास्त्रीय नाव 1802 साली त्यानेच दिले: टायगेरिना, म्हणजे वाघासारखा. अंगावरच्या गडद पट्ट्यांवरून हे नाव आले. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्या आम्हां लोकांना घरच्या बेडकाचेही नाव वाघावरून पडावे, ही मौजच म्हणायची. त्याच साली त्याने आपल्या कुंपणावरच्या सरड्याला व्हर्सिकलर, म्हणजे अनेकरंगी, असे नाव दिले. उन्हाळ्याच्या शेवटी त्या सरड्याच्या नराचे डोके आणि खांदे कुंकवासारखे लाल होतात, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. सरडा रंग बदलतो म्हणून त्याला म्हणीतही स्थान मिळाले. बेडूकही बदलतो, पण त्याला ते श्रेय कुणी दिले नाही. मद्यार्कात ठेवलेल्या प्राण्याचा रंग उडून जातो; बाटलीतल्या बेडकावर पट्टे दिसतात, मिरगाची हळद दिसत नाही. माझ्या लोणच्याच्या बरणीत जे झाले, तेच थोड्याफार फरकाने संग्रहालयांतही होत होते.

हा बदल होतो कसा, हे आता बरेच उलगडले आहे. बेडकाच्या कातडीत रंगाच्या पेशींचे थर असतात. वर पिवळ्या रंगाच्या पेशी, त्यांखाली उजेड परतवणाऱ्या चकचकीत पेशी, आणि तळाशी काळ्या रंगाच्या, फांद्या फुटल्यासारख्या पेशी. काळा रंग त्या फांद्यांतून पसरला, की बेडूक काळपट दिसतो; तो मध्यभागी गोळा झाला, की वरचा पिवळा उजळून निघतो. म्हणजे बेडूक नवा रंग लावीत नाही; काळा पडदा तेवढा बाजूला सारतो. व्हिएन्नाच्या शोनब्रुन प्राणिसंग्रहालयात काही अभ्यासकांनी ह्याचा प्रयोग केला, तो 2022 साली प्रसिद्ध झाला. प्राणी आपल्याच अंगणातला, भारतात सर्वत्र आढळणारा भेक. त्याचे नरही पहिल्या पावसाच्या मेळ्यात पिवळे होतात. माणसाला भीतीच्या किंवा आवेशाच्या क्षणी जो स्राव धडधड आणतो, तोच ॲड्रेनलिन त्या नरांना टोचल्यावर थोड्याच मिनिटांत ते पिवळे पडले. पाण्यात शेकडो प्राण्यांची झुंबड उडालेली असताना एका नराने दुसऱ्याला मादी समजून मिठी मारू नये, यासाठी ही खूण असावी, असे अभ्यासक मानतात. मेळा संपला, की खूण पुसली जाते.

काही रंग मात्र पुसले जात नाहीत. जन्मतःच काळा रंग तयार करण्याची शक्ती नसली, तर प्राणी पांढरा आणि लाल डोळ्यांचा होतो. काळा रंग अतोनात झाला, तर काळा. ताडोबात 2018 साली पर्यटकांच्या कॅमेऱ्यात आलेला काळा बिबट्या ह्या दुसऱ्या प्रकारचा. बेडकाचाच चुलतभाऊ म्हणावा असा सॅलॅमँडर नावाचा शेपटीवाला उभयचर आहे. आपल्या दक्षिणेत तो नाही. भारतात त्याला भेटायचे, तर दार्जिलिंगकडच्या डोंगरांत किंवा मणिपुरात जावे लागते. त्याच्या कुळातला मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल 1864 साली पॅरिसला नेला गेला. नेलेल्या चौतीस प्राण्यांत बहुतेक काळपट होते, पण पांढरेही होते. तो पांढरा रंग प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला, आणि आज लोक अ‍ॅक्सोलॉटल म्हटले की पांढरा, गुलाबी कल्ल्यांचा प्राणीच डोळ्यांपुढे आणतात. मौज अशी, की बरण्यांतून तो जगभर पसरला असताना त्याची मूळ तळी आटली आणि नासली, आणि तेथे तो आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

येथेच मला थांबून विचार करावासा वाटतो. वेगळा रंग दिसला, की माणसाचे दोनच हात पुढे होतात: एक पकडायला, दुसरा मारायला. पिवळा बेडूक विषारी असणार म्हणून दगड घेणारे मी पाहिले आहेत, आणि शुभ म्हणून घरी नेणारेही. 2020 च्या जुलैत मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरकडच्या पिवळ्या बेडकांचे चित्रण देशभर फिरले, तेव्हा कुणी त्यांना अपशकुन म्हटले, कुणी परदेशी पाहुणे. कित्येकांना हे आपल्याच शेतातले, आपल्याच आजोबांच्या ओळखीचे बेडूक आहेत, हे सांगावे लागले.

आणि ज्याला आपण साधा, मळकट म्हणून दुसऱ्यांदा पाहत नाही, त्याचे तरी काय झाले? बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा धंदा आपल्या देशात जोरात होता. 1981 ह्या एका वर्षात 4,368 टन तंगड्या बाहेर गेल्या. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी त्या धंद्याविरुद्ध लेखणी चालवली. बेडूक किती कीटक खातो आणि तो नसला तर शेतकऱ्याला काय मोजावे लागेल, हे ते सांगत राहिले. अखेर 1987 साली निर्यात बंद झाली. एकेका तंगडीबरोबर एकेक मिरगाची पहाट गेली, असे मला वाटते. कारण जो नर भर पावसात पिवळा होऊन ओरडतो, तोच पकडणाऱ्याच्या कंदिलाला सर्वांत आधी सापडतो.

गेल्या जूनमध्ये नातू सुट्टीला आला होता. पहिल्या पावसाच्या रात्री आम्ही दोघे बोडीवर गेलो. पूर्वीसारखे पन्नास दिसले नाहीत, अकरा मोजले. तो हरखून गेला आणि लगेच म्हणाला, "आजोबा, एक घरी नेऊ या ना!" मी त्याला बरणीची गोष्ट सांगितली. त्याने फोन काढला, छायाचित्र घ्यायला गेला, पण अंधारात काही धड उमटले नाही. मग तो फोन खिशात घालून उकिडवा बसला आणि उजाडेपर्यंत पाहत राहिला. उठताना विचारले, "पण आजोबा, शाळेत सांगितले, तर खोटे म्हणतील की!"

"म्हणू देत," मी म्हटले. "मिरगाला त्यांनाच घेऊन ये."

परवा त्याचे पत्र आले. पुढच्या जूनला तिघे मित्र येणार आहेत. बरण्या आणू नका, एवढे मी उत्तरात लिहिले आहे.