सुरतेच्या डॉक्टर रखमाबाई

आम्हां बडोदेकर मराठी मंडळींच्या घरांत सयाजीराव महाराजांच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. १९०४ साली महाराजांनी बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला, याचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. परंतु त्याच सुमारास आपल्या शेजारच्या सुरतेत एक मराठी स्त्री डॉक्टर म्हणून रुग्णसेवा करीत होती आणि बालविवाहाविरुद्धची लढाई स्वतः लढून आली होती, याची आठवण क्वचितच निघते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ मध्ये मुंबईत झाला. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न लागले. पण त्या आई जयंतीबाई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या. १८८४ मध्ये पतीने त्यांना नांदावयास पाठवावे म्हणून दावा लावला. अजाण वयात, संमतीवाचून झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. मात्र अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये, नांदावयास जा अन्यथा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. त्यांनी कैदेची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

हा खटला न्यायालयाइतकाच वर्तमानपत्रांतही गाजला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने आलेली पत्रे रखमाबाईंचीच होती. लोकमान्य टिळकांनी त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली. संमतिवयाचा जो वाद पुढे पेटला, त्याला या खटल्याने धार आली. १८९१ च्या कायद्याने ते वय दहावरून बारा झाले.

१८८९ मध्ये रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि परतल्यावर प्रथम सुरत व पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्य वेचले. परपुरुषासमोर दुखणे बोलण्यापेक्षा ते अंगावर काढणाऱ्या बायकांना हक्काची डॉक्टरीणबाई मिळाली.

सरकारी सेवेत आम्ही असंख्य अर्ज हाताळले. स्त्रीच्या अर्जावर अंगठा तिचा असे, मजकूर मात्र घरातील पुरुषाचा. तो तिला वाचून दाखविला आहे काय, हे आम्हीही फारसे विचारले नाही. आज त्याची खंत वाटते.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा होऊन घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. पण त्याच्या नवव्या कलमात नांदविण्याचा दावा कायम राहिला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. त्या दाव्यापायी आता कैद होत नाही, एवढाच फरक. कायद्याचे काय व्हायचे ते होवो. आपल्या घरी मुलीचे लग्न ठरताना तिचे म्हणणे आधी ऐकावे, एवढे तर आपल्या हाती आहे.